ज्यांचा प्रयोग कधी फसला नाही

चिंचोळकर सरांचा प्रयोग कधीच फसला नाही. सात वर्षं मी त्यांच्याबरोबर सोलापूरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. ते सीनियर डेमॉन्स्ट्रेटर, मी ज्युनिअर आणि टेंपररी. सात वर्षांत माझ्या हातून सोळा पिपेटी फुटल्या, तीन ॲप्रन ॲसिडने जळाले. एकदा तर चुकीच्या बाटलीतलं द्रावण वाटून मी अख्ख्या बॅचची दुपार वाया घालवली. सरांच्या हातून यातलं काही झालं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. ज्या माणसाच्या हातून काहीच फुटत नाही, त्याने काही हातात घेतलेलंच नसतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. कळल्यावर मात्र त्यांच्याविषयी जे वाटायला लागलं ते आजतागायत कमी झालेलं नाही.

दिसायला माणूस देखणा. गोरा, उंच, कपाळ मोठं, आवाज कीर्तनकारासारखा. इस्त्रीचा ॲप्रन रोज नवा वाटावा असा. टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडत जायचं आणि रंग बदलला की किती लागलं ते आकडे कोरलेल्या, खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीवर वाचायचं. असं तीनदा करायचं. तिन्ही वेळा उत्तर जवळपास आलं पाहिजे. जवळपास, हुबेहूब नव्हे. माणसाचा हात आहे, थेंब इकडेतिकडे होतोच. चिंचोळकर सरांची तिन्ही रीडिंगं हुबेहूब असायची. दहा, दहा, दहा. मुलांनी त्यांचं नाव ‘दहा दहा’ ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यात त्यांना मानच वाटायचा.

सुरुवातीला मलाही तो हाताचा गुण वाटला. मग एके दिवशी नीट पाहिलं. नळी भरून त्यांनी स्टँडला लावली, डोळे जवळ नेऊन पाहिल्यासारखं केलं आणि तोटीला हातही न लावता वहीत लिहिलं. मी विचारलं तर जराही गडबडले नाहीत. म्हणाले, उत्तर माहीत असताना प्रयोग कशाला करायचा? उत्तर आधी, प्रयोग मागून, ही त्यांची शिकवण. वर्गात ती ते उघडपणे देत नसत, पण मुलं शहाणी असतात, त्यांना बरोबर पोचायची. खाडाखोडीवर मात्र त्यांचा फार राग. प्रयोगवहीत आकडा खोडून दुसरा लिहिलेला दिसला की मार्क कापायचे. म्हणायचे, खाडाखोड हा संस्कारांचा अभाव आहे. सांगोल्याकडचा एक मुलगा होता, हाताने अतिशय प्रामाणिक. त्याची रीडिंगं नऊ पूर्णांक सात, दहा पूर्णांक दोन, नऊ पूर्णांक आठ अशी यायची. त्याचं पान सरांनी सगळ्या बॅचसमोर फाडलं. पुढच्या आठवड्यापासून त्याचीही तीन रीडिंगं जुळायला लागली. तो टेबलापाशी नुसता उभा असायचा.

कॉलेजाबाहेरही हा माणूस तसाच. सायकल त्यांना येत नव्हती. शिकताना पडावं लागतं म्हणून शिकलेच नाहीत. नवीपेठेतून कॉलेजपर्यंत चालत यायचे आणि चालण्याचे फायदे आम्हाला ऐकवायचे. बायकोने डब्यात नवी भाजी दिली तर झाकण लावून तशीच परत न्यायचे. एम.एस्सी.चा फॉर्म त्यांनी दोनदा भरला होता. दोन्ही वेळा परीक्षेच्या तोंडावर घरात काहीतरी निघालं, एकदा लग्न, एकदा आजारपण. बसलेच नाहीत. स्टाफरूममध्ये कुणी एम.एस्सी.ला नापास झाल्याची गोष्ट निघाली की सर चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, “मी आयुष्यात कुठल्याही परीक्षेत नापास झालेलो नाही.” आणि खरंच सांगायचं तर ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त किळस यायची.

त्यांच्या अगदी उलट आमचा अटेंडंट सिद्धाप्पा. अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा, चौथी शिकलेला. पन्नाशीचा असेल. प्रयोगशाळेतली काच धुणं, द्रावणं बनवायला मदत करणं आणि डिस्टिल्ड पाण्याचा तांब्याचा बंब चालवणं ही त्याची कामं. हा माणूस सतत काहीतरी बिघडवत असे. म्हणजे बंद पडलेली वस्तू उघडून बसायचा, जोडायचा, ती चालायची नाही, पुन्हा उघडायचा. सर त्याला सगळ्यांदेखत ‘संशोधक’ म्हणायचे. तो हसायचा. त्याला त्या शब्दातला टोमणा कळत होता की नाही, हे मला कधी कळलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. शहरात नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, तेही तासभर. तालुक्यातली गावं टँकरवर जगत होती. लोकांनी विहिरी खोल खोल नेल्या होत्या. काही ठिकाणी तळाला नवं पाणी लागलं होतं. ते पिण्यासारखं असेल तर त्या गावचा टँकर काढून दुसऱ्या गावाला द्यायचा, असं ठरलं आणि तपासायचं काम आमच्या कॉलेजकडे आलं. पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर बागवानसाहेब जीपमधून छत्तीस बाटल्या घेऊन आले. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर दोरा आणि त्यावर लाख. प्रत्येकीवर गावाचं नाव. विभागप्रमुखांनी काम चिंचोळकर सरांवर सोपवलं. त्यांच्याइतकं अचूक काम कुणाचं नव्हतं, हे सगळ्यांनाच मान्य होतं.

आठ दिवसांत रिपोर्ट गेला. एक खाडाखोड नाही, अक्षर मोत्यासारखं. छत्तीसही विहिरींचं पाणी पिण्यायोग्य.

त्यानंतर पंधरवड्याने मला त्या बाटल्यांचं कपाट रिकामं करायला सांगितलं. मी आणि सिद्धाप्पा बाटल्या उतरवायला लागलो. पहिली बाटली हातात घेऊन तो ती फिरवत राहिला. मग दुसरी घेतली. मग मला म्हणाला, “मॅडम, लाख तशीच हाय की.”

छत्तीसही बाटल्यांची लाख शाबूत होती.

मी सरांकडे गेले. वाटलं होतं निदान दचकतील. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि वडीलधाऱ्या माणसासारखं समजावलं. या जिल्ह्यातल्या विहिरींचे मागच्या पाच वर्षांचे आकडे त्यांच्याकडे होते. पाणी काही आभाळातून नवं पडलेलं नाही, जमीन तीच, विहीर तीच. सरासरी काढली की झालं. शिवाय बंब धड चालत नाही, डिस्टिल्ड पाणी नाही, अशात तपासायला बसलं तर चुकाच होणार. चुकीचे आकडे पाठवण्यापेक्षा हे बरं, नाही का?

विहिरी वीस वीस फूट खोल नेल्या आहेत, पाणी वेगळ्या थरातलं आहे, एवढं मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही टेंपररी आहात. आधी कायम व्हा, मग शंका काढा.”

मी आमच्या वस्तीतली पहिली बी.एस्सी. वडील गिरणीत, घरात धाकटी तीन भावंडं. ते वाक्य कुठे लागायचं तिथे बरोबर लागलं. मी उठून आले आणि त्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते दोन दिवस मी विसरू शकत नाही. सरांना नावं ठेवताना आधी ते मोजून घेते.

तिसऱ्या दिवशी सिद्धाप्पाने मला न विचारता एका बाटलीची लाख फोडली. म्हणाला, “आता उगडलीच हाय, तर बगून टाका की.”

पाण्यात मीठ किती, हे चांदीच्या क्षाराचं द्रावण वापरून मोजतात. ते द्रावण डिस्टिल्ड पाण्यात करावं लागतं आणि ते काचेसारखं स्वच्छ राहायला हवं. आमचं द्रावण दुधासारखं पांढरं झालं. महागाचा क्षार वाया गेला. पुन्हा केलं, पुन्हा पांढरं. मला वाटलं माझा हात चुकतोय, बाटली नीट धुतली नसेल, मोजण्यात काही गेलं असेल. तीन दुपारी त्यात गेल्या. चिंचोळकर सर दारातून जाताना आमच्या मोरीत ओतलेलं ते पांढरं पाणी बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. त्या न बोलण्यात फार समाधान असायचं.

शेवटी सिद्धाप्पा म्हणाला, “मॅडम, तुमचा हात न्हाय चुकत. ह्ये पाणीच खोटं हाय.” त्याने बंबातून निघालेलं डिस्टिल्ड पाणी नुसतं घेतलं आणि त्यात क्षाराचा थेंब टाकून दाखवला. लगेच धूर सोडल्यासारखं पांढरं. ज्या पाण्यात मीठ नसायलाच हवं, त्याच पाण्यात मीठ होतं.

नळ बंद असल्यामुळे बंबात बोअरचं खारं पाणी घालत होते. ते उकळताना फेसाळून वरच्या नळीत चढत होतं. सिद्धाप्पाने बंब उघडला आणि त्याची ती नेहमीची मांडणी सुरू झाली. कमी पाणी भरून पाहिलं, तर तळ करपला. आच मंद केली, तर दिवसभरात लोटाभर पाणी निघालं नाही. नळी उंच केली, ती निसटली आणि वाफेने त्याचं मनगट भाजलं. थंड करायला वाहतं पाणी नव्हतं, म्हणून दोन बादल्या वरखाली टांगून तेच पाणी फिरवायचा प्रयत्न केला, बादली गरम होऊन बसली. प्रत्येक वेळी निघालेल्या पाण्यात तो एक थेंब टाकायचा, पांढरं झालं की “इल्ला”, म्हणजे नाही, एवढं म्हणायचा आणि बंब पुन्हा सुटा करायचा. त्याला चिडलेलं मी कधी पाहिलं नाही. प्रत्येक वेळी काय केलं ते भिंतीवर कोळशाने कानडीत खूण करून ठेवायचा, म्हणजे तीच चूक पुन्हा व्हायला नको. अखेर भांडी घासायच्या तांब्याच्या तारेचा बोळा नळीच्या तोंडाशी बसवला, बंब अर्धाच भरला, पहिले दोन लोटे पाणी टाकून दिलं, आणि थेंब टाकला तर पाणी जसंच्या तसं स्वच्छ राहिलं. तो ते भांडं बराच वेळ उजेडाकडे धरून उभा होता.

त्यानंतर आम्ही छत्तीस बाटल्या तपासल्या. प्रत्येक बाटली तीनदा, काही पाचदा. माझ्या कागदावर इतकी खाडाखोड होती की मला स्वतःलाच लाज वाटली. तेहतीस विहिरी ठीक होत्या. दोन खारट. आणि एका गावची विहीर अशी, की ते पाणी गुरांनाही द्यायला नको.

मी तो कागद बागवानसाहेबांकडे नेला. त्यांनी सरांचा मोत्यांसारखा कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मला वाटलं आता संपलं. बागवानसाहेब दोन्हींवरून बोट फिरवत राहिले, मग माझ्या कागदावर थांबले. म्हणाले, “मॅडम, हे काम केलेल्या माणसाचा कागद हाय. दुसरा इस्त्रीचा हाय.” आणि जीप काढायला सांगितली.

त्या गावात आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. टँकर बंद होऊन महिना होत आला होता. विहिरीवर एक बाई पोहरा ओढत होती. बागवानसाहेबांनी पाण्याविषयी विचारलं. तिने आधी चांगलं हाय म्हणून सांगितलं. सरकारी माणसांना तेच सांगायचं असतं. मग माझ्याकडे बघून हळूहळू बोलली. घरोघरी लेकरांची पोटं बिघडली होती. म्हाताऱ्या माणसांना उठवत नव्हतं. तिच्या जावेचं तान्हं सुकत चाललं होतं. पाणी खारट लागतं हे सगळ्यांना कळत होतं.

मी विचारलं, मग तक्रार का नाही केली?

ती म्हणाली, “तपासून आलंय म्हनले की. कागदात पानी ग्वाड हाय. मंग आमी म्हनलं, आमचंच कायतरी चुकत आसंल. चूल नीट न्हाय, भांडं नीट न्हाय. मी रोज भांडी राखंनं दोन-दोनदा घासती.”

चिंचोळकर सरांबद्दल मला जे काही वाटतं, ते त्या वाक्यापाशी पक्कं झालं. आपल्या आकड्यांत चूक राहू नये म्हणून या माणसाने प्रयोगच केला नव्हता, आणि ती चूक दहा कोसांवर एक बाई आपल्या भांड्यांत शोधत होती.

टँकर दुसऱ्या दिवशी सुरू झाला. तान्हं वाचलं, असं बागवानसाहेबांकडून नंतर कळलं. कॉलेजात काय झालं? काही नाही. ‘फेरतपासणीअंती’ असा एक सुधारित रिपोर्ट गेला, स्वच्छ अक्षरात, चिंचोळकर सरांच्या सहीने. तो माझ्याच आकड्यांवरून त्यांनी उतरवून काढला होता, खाडाखोड गाळून आणि तिन्ही रीडिंगं सारखी करून. केलेलं काम पुन्हा तपासण्याची तत्परता दाखवल्याबद्दल त्यांना कौतुकाचं पत्र आलं. मी गप्प राहिले. त्या वर्षी मला टेंपररीचं आणखी एक वर्ष मिळालं. हा हिशेब मी कुणाला सांगितलेला नाही.

इथवर असतं तरी मी त्यांना साधा कामचुकार म्हणून सोडून दिलं असतं. तसले पुष्कळ असतात. पण दोन वर्षांनी सर सेवाज्येष्ठतेवर विभागप्रमुख झाले आणि व्याख्यानं द्यायला लागले. दहावीत नापास झालेल्या मुलांचे वर्ग, गणेशोत्सवाचे मंडप, शाळांची स्नेहसंमेलनं. विषय ठरलेला: अपयशाचं मोल. आवाज कीर्तनकारासारखा होताच. लोक डोळे पुसायचे.

त्यांचं ते व्याख्यान मी एकदाच ऐकलं, आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये. सिद्धाप्पा मागे दारापाशी चहाची किटली घेऊन उभा होता. सरांनी दुष्काळाचं वर्णन केलं. तहानलेली गावं, बंद पडलेला बंब. मग म्हणाले, आम्ही प्रयत्न केला, फसला. पुन्हा केला, पुन्हा फसला. नळी निसटली, वाफेने हात भाजला. इथे त्यांनी स्वतःचं मनगट वर करून दाखवलं. गोरंपान, एक डाग नाही. लांबून कुणाला दिसणार होतं? म्हणाले, अकरा वेळा आम्ही हरलो. पण मित्रांनो, प्रत्येक हार आम्हाला काहीतरी शिकवत होती.

दुसऱ्याचं यश आपल्या नावावर करणारे मी पुष्कळ पाहिले होते. दुसऱ्याचं अपयश चोरणारा हा पहिलाच. आणि चोरून काय नेलं, तर जे करायला त्यांना जन्मभर भीती वाटली तेच. मी मागे सिद्धाप्पाकडे पाहिलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. टाळ्या संपल्यावर कप भरता भरता मला एवढंच म्हणाला, “अकरा न्हाय मॅडम, चौदा येळा. सरास्नी मोजाय आलं न्हाय.”

पुढे अट्ठ्याहत्तर साली मला बार्शीला कायमची नोकरी लागली. जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या मुलींची बॅच चालू होती. सरांची मुलगी वैजयंती त्याच बॅचमध्ये होती. शांत मुलगी, वडिलांचं कपाळ घेतलेली. सर विभागप्रमुख म्हणून फेरी मारायला आले. टेबलांमधून हात मागे बांधून हिंडत होते. वैजयंतीच्या फ्लास्कमधला रंग यायचा आणि हलवल्यावर जायचा. कुठे थांबायचं ते तिला समजत नव्हतं. तिने वर पाहिलं आणि सर म्हणायचं विसरून म्हणाली, “बाबा, एकदा करून दाखवता?”

वीस मुली थांबून बघायला लागल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पलीकडच्या टेबलाशी होते, चार पावलांवर. मी गेले नाही. हातातली पिपेट पुन्हा धुवायला घेतली.

त्यांनी बाही सावरली आणि तोटी धरली. सात वर्षांत त्यांनी तोटी उघडलेली मी पहिल्यांदा पाहिली. धरली होती उलट्या हाताने, मोरीतल्या नळाची धरावी तशी. थेंब न पडता धार लागली. फ्लास्क हलवायचा असतो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. जेमतेम गुलाबी छटा आली की थांबायचं असतं. ती येऊन गेली, आणि बघता बघता फ्लास्कमधलं पाणी गुलालासारखं भडक झालं. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. सर तो फ्लास्क धरून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, मला तरी दिसली नाही. परक्या गावात उतरून बस निघून गेलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

मग ते म्हणाले, “इंडिकेटर जुना आहे.” फ्लास्क मोरीत ओतला, रुमालाला हात पुसले आणि व्हरांड्यातून निघून गेले, नेहमीच्या संथ चालीने. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

रंग दाखवणारं ते इंडिकेटरचं द्रावण मी त्याच सकाळी बनवलं होतं.

वैजयंतीने नळीवर डोळा नेऊन आकडा वाचला आणि वहीत लिहिला: सतरा पूर्णांक तीन. बाकीच्या मुलींचं बाराच्या आसपास येत होतं. मी म्हटलं, हे लिहायची गरज नाही, फसलंय ते. ती म्हणाली, “पण हे झालंय ना मॅडम.” आणि आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘बाबा’ असं लिहून तिने फ्लास्क धुतला आणि नळी पुन्हा भरायला घेतली.